मानसिक संकट आणि दारातला पोलीस : अमेरिकेतील ‘सीआयटी’ प्रशिक्षणाचा परिचय

घरातील एखाद्या व्यक्तीला भास होऊ लागले, तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा सुरू केली, तर महाराष्ट्रात प्रथम शेजारी, नातेवाईक आणि ओळखीचे डॉक्टर धावून येतात. अमेरिकेत अशा प्रसंगी बहुतेक घरांतून ९११ हा क्रमांक फिरवला जातो आणि दारात येऊन उभा राहतो तो कमरेला पिस्तूल लावलेला गस्तीवरचा पोलीस. कोणताही गुन्हा घडलेला नसतो. घडलेला असतो तो आजाराचा उद्रेक. पुढच्या काही मिनिटांत काय होईल, हे त्या पोलिसाला काय शिकवले गेले आहे यावर अवलंबून असते. त्याच्यामागे कोणती व्यवस्था उभी आहे, यावर ते त्याहूनही अधिक अवलंबून असते.

हा प्रश्न किरकोळ नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत ठेवलेल्या नोंदींनुसार अमेरिकेत पोलिसांच्या गोळीबारात दरवर्षी सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी साधारण पाचव्या हिश्शाच्या बाबतीत मानसिक आजाराची लक्षणे आढळून आली. यांतील अनेक प्रसंगांत पोलिसांना बोलावणारे आप्तच होते आणि त्यांनी बोलावले होते ते मदतीसाठी. या विसंगतीवर उपाय म्हणून उभ्या राहिलेल्या प्रशिक्षणपद्धतीला ‘क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम’ किंवा संक्षेपाने ‘सीआयटी’ असे म्हणतात. तिचा उगम, तिची रचना, तिचे यश आणि तिच्या मर्यादा यांची ओळख या देशात स्थायिक झालेल्या प्रत्येक कुटुंबाला असणे उपयोगाचे आहे.

पोलीसच का येतात?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील गंभीर मनोरुग्ण प्रामुख्याने राज्य सरकारांच्या मोठ्या मनोरुग्णालयांत ठेवले जात. १९५५ मध्ये या रुग्णालयांत सुमारे ५ लाख ५८ हजार रुग्ण होते. अनेक ठिकाणची अवस्था कोंडवाड्यासारखी होती. क्लोरप्रोमझिनसारखी औषधे उपलब्ध झाल्यावर रुग्णांना समाजात ठेवून उपचार करता येतील, हा विचार बळावला. अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सामुदायिक मानसिक आरोग्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मोठी रुग्णालये हळूहळू रिकामी करायची आणि गावोगावी उपचारकेंद्रे उभारायची, अशी ती योजना होती.

योजनेचा पहिला भाग अमलात आला. दुसरा अर्धवट राहिला. ठरवलेल्या केंद्रांपैकी जेमतेम निम्मी उभी राहिली. १९८१ मध्ये केंद्र सरकारचा थेट निधी आटला आणि त्याची जागा राज्यांना मिळणाऱ्या एकत्रित अनुदानाने घेतली. रुग्णालयांच्या खाटा नाहीशा झाल्या, पण त्यांना पर्याय उभा राहिला नाही. रुग्ण घरी आले, काही रस्त्यावर आले, काही तुरुंगांत गेले. लॉस एंजेलिस किंवा शिकागो येथील कारागृहे आज देशातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत गणली जातात, ती याच कारणाने.

उरला प्रश्न मध्यरात्रीचा. चोवीस तास उपलब्ध असलेली, पैसे न मागणारी आणि हाक मारल्यावर थेट घरापर्यंत येणारी यंत्रणा एकच होती : पोलीस. मनोरुग्णांना हाताळणे हे काम पोलिसांनी मागून घेतले नव्हते. इतर सर्व दारे बंद झाल्यामुळे ते त्यांच्याकडे आले.

मेम्फिस, १९८७

टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात २४ सप्टेंबर १९८७ रोजी एका आईने ९११ ला फोन केला. तिचा २७ वर्षांचा मनोरुग्ण मुलगा सुरीने स्वतःलाच जखमा करून घेत होता. पोलीस आले. त्यांनी सुरी खाली टाकण्याचे हुकूम दिले. तरुणाने ते मानले नाहीत आणि तो त्यांच्या दिशेने धावला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तो जागीच कोसळला. तरुण कृष्णवर्णीय होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ज्या शहरात झाली, त्या शहरात या घटनेने संतापाची लाट उसळली.

त्या संतापातून जे घडले ते नेहमीच्या चौकशी समितीपेक्षा वेगळे होते. मनोरुग्णांच्या कुटुंबीयांनी १९७९ मध्ये स्थापन केलेली ‘नॅशनल अलायन्स ऑन मेंटल इलनेस’ ही संघटना, म्हणजेच ‘नामी’, आणि तिची मेम्फिस शाखा पुढे आली. पोलीस दल, स्थानिक विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ, रुग्णालये आणि रुग्णांचे आप्त एका टेबलाभोवती बसले. पोलीस अधिकारी सॅम कॉक्रन आणि मानसशास्त्रज्ञ रँडॉल्फ ड्युपाँट यांची नावे या उपक्रमाशी कायमची जोडली गेली. १९८८ मध्ये पहिले पथक कामाला लागले. ‘मेम्फिस प्रारूप’ या नावाने ते पुढे देशभर पसरले. आज अमेरिकेत अशा २,७०० हून अधिक योजना असल्याचे सांगितले जाते. पोलीस यंत्रणांची एकूण संख्या मात्र सुमारे १८ हजार आहे आणि त्यांपैकी जवळपास निम्म्या यंत्रणांत दहाहून कमी अधिकारी असतात. ज्या गावात सगळे मिळून सहा पोलीस आहेत, तिथे एकाला आठवडाभर प्रशिक्षणाला पाठवणे ही साधी गोष्ट नाही.

चाळीस तासांचा अभ्यासक्रम

सीआयटीचे मूळ प्रशिक्षण ४० तासांचे, म्हणजे कामाच्या एका आठवड्याचे असते. मेम्फिसच्या कल्पनेनुसार ते सर्वांवर लादायचे नसते. अधिकाऱ्याने स्वेच्छेने अर्ज करायचा, त्याची निवड व्हायची आणि गस्ती दलातील साधारण चौथा-पाचवा हिस्सा असा तयार करायचा, की प्रत्येक पाळीत त्यांपैकी कोणीतरी उपलब्ध असेल.

पहिल्या भागात आजारांची ओळख करून दिली जाते : स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार, नैराश्य, स्मृतिभ्रंश, स्वमग्नता, व्यसने आणि औषधांचे दुष्परिणाम. मधुमेही व्यक्तीची साखर उतरल्यावर होणारे भ्रमिष्ट वर्तन नशेसारखे कसे दिसते, हेही सांगितले जाते. दुसऱ्या भागात अधिकारी रुग्णालये आणि पुनर्वसन केंद्रांना भेटी देतात आणि बऱ्या झालेल्या रुग्णांशी व त्यांच्या कुटुंबीयांशी बोलतात. पोलिसाला मनोरुग्ण भेटतो तो नेहमी त्याच्या आयुष्यातील सर्वांत वाईट क्षणी. तोच माणूस एरवी नोकरी करतो, स्वयंपाक करतो, विनोद सांगतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याने दृष्टी बदलते, असा या भेटींमागचा विचार आहे.

अनेक ठिकाणी एक सराव आवर्जून घेतला जातो. स्वतः स्किझोफ्रेनियाचे निदान झालेल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डीगन यांनी तो तयार केला. प्रशिक्षणार्थींच्या कानांना हेडफोन लावले जातात. त्यांतून कुजबुज, शिव्या आणि हुकूम यांचा अखंड मारा होत राहतो आणि त्याच वेळी त्यांना फॉर्म भरायला, प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगितले जाते. साध्या सूचनाही डोक्यात शिरत नाहीत, याचा अनुभव त्यांना काही मिनिटांतच येतो. ‘हात वर कर’ हे तीनदा ओरडून सांगूनही समोरचा माणूस का ऐकत नाही, याचे उत्तर व्याख्यानापेक्षा या सरावातून लवकर मिळते. जो हुकूम मोडला असे पोलिसाला वाटते, तो त्या माणसापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

तिसरा भाग संभाषणाच्या सरावाचा. नट किंवा प्रशिक्षक रुग्णाची भूमिका करतात. एका वेळी एकाच अधिकाऱ्याने बोलायचे, आवाज खाली ठेवायचा, स्वतःचे नाव सांगायचे, समोरच्याचे नाव विचारायचे, लहान वाक्ये वापरायची. भास खोटे आहेत असा वाद घालायचा नाही आणि ते खरे आहेत अशी बतावणीही करायची नाही. ‘तुम्हाला ऐकू येते ते मला ऐकू येत नाही, पण तुम्ही घाबरला आहात हे मला दिसते’ अशा धाटणीची वाक्ये शिकवली जातात. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांना अनेक दलांत गणवेशावर लावायची सीआयटीची छोटी खूण दिली जाते. ती ओळखणारे रुग्णही असतात.

घाईची शिकवण आणि सबुरीची शिकवण

या चाळीस तासांना कशाशी झगडावे लागते, हे मूळ पोलीस प्रशिक्षण पाहिल्यावर कळते. वॉशिंग्टनमधील ‘पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम’ या संस्थेने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले, की नव्या भरतीला बंदुकीचे प्रशिक्षण साधारण ५८ तास आणि स्वसंरक्षणाच्या डावपेचांचे ४९ तास मिळत होते. प्रसंग निवळवणे आणि मानसिक संकट हाताळणे या विषयांच्या वाट्याला प्रत्येकी ८ तास येत होते.

फरक केवळ तासांचा नाही, वृत्तीचाही आहे. सॉल्ट लेक सिटी येथील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते, की सुरी घेतलेला माणूस २१ फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तो मुळात सरावाचा एक प्रयोग होता. पुढे ‘एकवीस फुटांचा नियम’ या नावाने तो पिढ्यानपिढ्या असा शिकवला गेला, की सुरी दिसली आणि अंतर कमी असले तर गोळी झाडणे हाच मार्ग, अशी अनेकांची समजूत झाली. त्याच प्रयोगातून दुसरा निष्कर्षही तितक्याच सहज निघू शकला असता : अंतर कमी असेल तर मागे सरावे, गाडीचा आडोसा घ्यावा, दार लोटून घ्यावे. फोरमने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हा नियम कालबाह्य ठरवून अंतर, आडोसा आणि वेळ या तीन गोष्टींवर भर दिला. त्याआधी फोरमने अमेरिकी पोलीस प्रमुखांना स्कॉटलंडला नेले होते. तेथील बहुसंख्य पोलीस निःशस्त्र असतात आणि सुरी घेतलेल्या माणसालाही ते बोलण्याच्या व अंतर राखण्याच्या बळावर आवरतात, हे त्यांना प्रत्यक्ष पाहता आले. त्यातून ‘आयकॅट’ हा वेगळा अभ्यासक्रम आकाराला आला.

सीआयटी आणि आयकॅट या दोहोंचा गाभा एकच आहे : वेळ मिळवणे. स्वतःला इजा करण्याची धमकी देणारा माणूस वीस मिनिटांनी बहुधा थोडा शांत झालेला असतो. तोवर दुसरी कुमक, डॉक्टर किंवा त्याचा भाऊ येऊन पोहोचतो. पोलिसी शिस्तीत मात्र प्रसंगाचा लवकर निकाल लावणे म्हणजे कार्यक्षमता. एका हाकेवर चाळीस मिनिटे घालवणाऱ्या अधिकाऱ्याची पाठ वरिष्ठांनी थोपटली नाही, तर तो पुढच्या वेळी घाई करील. सबुरी हा गुण वर्गात शिकवता येतो, पण टिकतो तो तिची किंमत जाणणाऱ्या दलातच.

प्रशिक्षणाने नेमके काय बदलते?

येथे उत्साहाला लगाम घालावा लागतो. जॉर्जिया राज्यातील ५८६ पोलीस अधिकाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सीआयटी प्रशिक्षित अधिकाऱ्यांचे आजाराविषयीचे ज्ञान अधिक होते, रुग्णांविषयीची अढी कमी होती आणि ते रुग्णाला अटक करण्याऐवजी उपचाराकडे वळवण्याची शक्यता अधिक होती. याउलट, उपलब्ध संशोधनाचा २०१९ मध्ये अमेरिकी न्यायवैद्यक मनोविकारतज्ज्ञांच्या नियतकालिकात घेतलेला आढावा सावध होता. अटका, दुखापती आणि बळाचा वापर या मोजता येणाऱ्या गोष्टी सीआयटीमुळे निश्चितपणे घटतात, असे म्हणण्याइतका पुरावा त्यात सापडला नाही. आयकॅटच्या बाबतीत केंटकीतील लुइव्हिल शहरात सिनसिनाटी विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात बळाच्या वापराचे प्रसंग २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या दुखापती २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या दुखापती ३६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

या मिश्र निष्कर्षांचे एक कारण असे, की अनेक शहरांनी मेम्फिसकडून फक्त चाळीस तास उचलले आणि बाकीचे सोडून दिले. मूळ प्रारूपाला तीन पाय होते. पहिला प्रशिक्षित पोलीस. दुसरा फोन घेणारा प्रशिक्षित कर्मचारी, कारण ‘सुरी घेतलेला माणूस’ आणि ‘औषधे थांबवलेला, स्वतःला इजा करणारा मुलगा’ ही एकाच प्रसंगाची दोन वर्णने असली, तरी ती ऐकून निघणारा पोलीस दोन वेगळ्या मनःस्थितींत पोहोचतो. तिसरा पाय म्हणजे रुग्णाला नेण्याची जागा. मेम्फिसमध्ये सार्वजनिक रुग्णालयाने पोलिसांनी आणलेला रुग्ण कधीही न नाकारण्याचे आणि अधिकाऱ्याला लवकर मोकळे करण्याचे मान्य केले होते. जेथे अशी जागा नसते, तेथे पोलिसाला आपत्कालीन विभागात तासन्‌तास ताटकळावे लागते, तर तुरुंगात नोंद करून तो लवकर सुटतो. मग उत्तम प्रशिक्षित अधिकारीही तुरुंगाचा रस्ता धरतो.

ज्या ठिकाणी तिन्ही पाय भक्कम आहेत, तेथील अनुभव बोलका आहे. ॲरिझोनातील टूसॉन येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या संकटकेंद्रात पोलीस रुग्णाला थेट आणून सोपवू शकतात. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे २००८ पासून असेच केंद्र चालते. फ्लोरिडातील मायामी-डेड परगण्यात न्यायाधीश स्टीव्हन लाइफमन यांच्या पुढाकाराने २००० मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात हजारो पोलिसांना सीआयटी प्रशिक्षण मिळाले. अटका इतक्या घटल्या, की परगण्याला आपला एक तुरुंग बंद करता आला.

पोलिसांशिवायचे मार्ग

दरम्यान दुसरा प्रश्न पुढे आला : प्रत्येक हाकेला पोलीस लागतोच का? ऑरेगन राज्यातील युजीन शहरात ‘व्हाइट बर्ड क्लिनिक’ने १९८९ मध्ये ‘काहूट्स’ ही सेवा सुरू केली. एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक संकट-समुपदेशक असे दोघे निःशस्त्र कर्मचारी गाडीतून जात. तीन दशकांहून अधिक काळ ती देशाला उदाहरण ठरली. मात्र पैशांच्या ओढाताणीत एप्रिल २०२५ मध्ये युजीनमधील ही सेवा थांबली. डेन्व्हरमध्ये जून २०२० मध्ये ‘स्टार’ नावाची अशीच सेवा सुरू झाली. पहिल्या सहा महिन्यांत तिने ७४८ हाका हाताळल्या आणि त्यांपैकी एकीतही अटक झाली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले, की या सेवेच्या भागात किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या आणि हिंसक गुन्हे वाढले नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये १९९३ पासून तिसरा मार्ग चालतो : पोलीस अधिकारी आणि मानसिक आरोग्य कर्मचारी एकाच गाडीतून जातात.

१६ जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन अंकी क्रमांक देशभर सुरू झाला. आत्महत्येचे विचार किंवा कोणतेही मानसिक संकट असल्यास तेथे फोन, संदेश किंवा चॅट करता येते. बहुसंख्य संवाद फोनवरच्या बोलण्यानेच निवळतात. जिवाला तातडीचा धोका दिसल्यास मात्र आपत्कालीन सेवेला कळवले जाते. इंग्रजी अवघड जाणाऱ्यांसाठी फोनवर दुभाष्याची सोय आहे. या क्रमांकाला जोडून फिरती संकटपथके उभारण्याचे काम राज्यागणिक पुढे-मागे आहे. त्यामुळे एका परगण्यात ९८८ वरून समुपदेशक घरी येऊ शकतो, तर शेजारच्या परगण्यात येऊ शकत नाही.

कायदा काय म्हणतो?

पोलिसाने प्रशिक्षणाच्या विरुद्ध वागून रुग्णाला इजा केली, तर दाद मिळते का? या संदर्भात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा ‘सॅन फ्रान्सिस्को विरुद्ध शीहान’ हा निकाल महत्त्वाचा आहे. २००८ मध्ये एका निवासी केंद्रातील मनोरुग्ण महिलेला रुग्णालयात नेण्यासाठी समाजसेवकाने पोलिसांना बोलावले. तिने सुरी उगारताच पोलीस खोलीबाहेर आले आणि दार बंद झाले. तेथे थांबता आले असते. पोलिसांनी मात्र कुमक येण्यापूर्वी पुन्हा दार उघडले आणि तिच्यावर गोळ्या झाडल्या. ती वाचली. न्यायालयाने अधिकाऱ्यांना वैयक्तिक दायित्वातून संरक्षण दिले. प्रशिक्षणाविरुद्ध वागणे एवढ्यानेच ते संरक्षण जात नाही, असे म्हटले. अपंगत्वविषयक १९९० चा कायदा सशस्त्र रुग्णाच्या अटकेला कसा लागू होतो, हा प्रश्न न्यायालयाने अनिर्णित ठेवला. तात्पर्य, प्रशिक्षण ही चांगली प्रथा आहे. ती मोडल्यास दाद मिळेलच, असा भरवसा नाही.

रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध तपासणीसाठी ठेवण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात ‘५१५०’ या कलमाखाली आणि फ्लोरिडात ‘बेकर ॲक्ट’खाली ही मुदत ७२ तासांपर्यंत असते. स्वतःला किंवा इतरांना धोका, अथवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता हे त्याचे सर्वसाधारण निकष. ही दिवाणी स्वरूपाची कारवाई आहे, गुन्ह्यातील अटक नव्हे. हातांत बेड्या दिसल्या तरी हा भेद लक्षात ठेवावा.

भारतीय कुटुंबांपुढील वेगळा धोका

पोलिसी हुकूम आणि त्याचे पालन यांच्यामध्ये भाषा उभी राहिली, की धोका दुणावतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामा राज्यातील मॅडिसन शहरात मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे एक भारतीय गृहस्थ सकाळी घराजवळ फिरत होते. कोणीतरी संशयाने पोलिसांना कळवले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले आणि त्यांच्या मणक्याला गंभीर इजा झाली. त्यांना कोणताही मानसिक आजार नव्हता. त्यांच्या जागी स्मृतिभ्रंश झालेले, घरचा पत्ता विसरलेले आजोबा असते तर प्रसंग किती बिकट झाला असता, याची कल्पना करता येते. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बांगलादेशी कुटुंबातील १९ वर्षांच्या तरुणाने मानसिक अस्वस्थतेत स्वतःच ९११ ला फोन केला. पोलीस घरात आल्यावर त्याने कात्री उचलली आणि आई व भावाच्या डोळ्यांदेखत पोलिसांच्या गोळ्यांनी त्याचा अंत झाला.

मराठी घरांत या विषयाला आणखी एक पदर आहे. आजार लपवण्याची सवय इतकी खोल असते, की पहिली हाक बहुधा अगदी शेवटच्या क्षणी मारली जाते. तोपर्यंत ना निदान झालेले असते, ना औषधांची यादी तयार असते, ना जवळच्या संकटकेंद्राचे नाव ठाऊक असते. संकट येण्यापूर्वीची थोडी तयारी म्हणूनच मोलाची ठरते.

आपल्या गावातील पोलिसांकडे सीआयटी अधिकारी आहेत का आणि परगण्यात फिरते संकटपथक आहे का, याची माहिती आधी काढून ठेवावी. तातडीचा शारीरिक धोका नसेल तर प्रथम ९८८ किंवा स्थानिक पथक; धोका असेल तर ९११. फोनवर पहिल्याच वाक्यात हे मानसिक आरोग्याचे संकट आहे असे सांगावे आणि सीआयटी अधिकाऱ्याची मागणी करावी. निदान, चालू किंवा थांबवलेली औषधे, घरात शस्त्र आहे की नाही, रुग्णाला कोणती भाषा कळते, त्याला कमी ऐकू येते का आणि तो कशाने बिथरतो, हे थोडक्यात सांगावे. शक्य असल्यास घरातील एकाने रिकाम्या व दिसतील अशा हातांनी बाहेर येऊन पोलिसांना भेटावे. सुरी, कात्री यांसारख्या वस्तू आधीच नजरेआड कराव्यात.

अठरा वर्षांवरील मुलाच्या प्रकृतीची माहिती रुग्णालय पालकांना देण्यास नकार देऊ शकते. पालकांनी रुग्णालयाला माहिती देण्यास मात्र कायद्याची आडकाठी नाही. ‘आम्हाला काही सांगू नका, पण आमचे ऐकून घ्या’ असे म्हणता येते आणि तसे म्हणावे. भेटीला आलेल्या आईवडिलांपैकी कोणाला विसरभोळेपणाची सुरुवात असेल, तर नाव, पत्ता, भाषा आणि मुलांचे फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी किंवा कडे त्यांच्याजवळ सतत असावे.

मायदेशातील तरतूद

ज्यांचे आप्त महाराष्ट्रात आहेत, त्यांनी भारताचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही जाणून घ्यावा. त्याच्या कलम १०० नुसार मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देणे आणि २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य संस्थेत पोहोचवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनीसेवाही उपलब्ध आहे. अमेरिकेत पोलीस आधी येतो आणि कायदा मागाहून विचार करतो; भारतात कायदा पुढे गेला आहे आणि तो ठाण्यापर्यंत पोहोचवण्याचे काम उरले आहे.

मेम्फिसच्या अनुभवातील सर्वांत टिकाऊ धडा प्रशिक्षणाच्या तासांचा नाही. ते प्रशिक्षण पोलिसांनी एकट्याने आखले नव्हते. ते रुग्णांच्या आईवडिलांनी मागितले, घडवले आणि वर्गात उभे राहून शिकवले. आजही अनेक परगण्यांच्या सीआयटी समित्यांत कुटुंबीयांना जागा असते आणि प्रशिक्षणवर्गात आपला अनुभव सांगणाऱ्या नागरिकांची गरज असते. त्या वर्गांत दक्षिण आशियाई कुटुंबाचा आवाज क्वचितच ऐकू येतो. इंग्रजी न समजणारी आजी घाबरली की हसते, किंवा मोठ्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून न पाहणे हा आपल्याकडे आदर असतो, हे त्या पोलिसाला कोणीतरी सांगायला हवे. महाराष्ट्र मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत एखादी दुपार यासाठी राखून स्थानिक सीआयटी समन्वयकाला निमंत्रण देणे अवघड नाही. पोलीस आणि कुटुंब यांची पहिली भेट संकटाच्या रात्रीच व्हावी, असा नियम कोठेही नाही.